गाणं तुमचं, कागद कोणाचा? छोटं म्युझिक लेबल चालवायचं गणित

मागच्या भागात आपण दुकानातला स्टॉक कसा मोजायचा ते बघितलं. आजचा स्टॉक कपाटात ठेवता येत नाही, पण तो विकला जातो, भाड्याने जातो आणि चोरीलाही जातो. व्हिडिओत वीस मिनिटांत जेवढं बसलं तेवढं बोलले. कायद्याचा आणि हिशेबाचा भाग इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात एका गिऱ्हाईकापासून करते. ऐन लग्नसराईत तलासरीकडचा एक पोरगा डहाणूच्या माझ्या दुकानात ऑडिओ केबल घ्यायला आला. वय बावीस-तेवीस. केबल चालते का बघायला त्यानं मोबाईल जोडला आणि गाणं लावलं. वर तारप्याचा सूर, खाली छातीत बसणारा बेस आणि मशीनवर बांधलेला ढोल. मी ते गाणं त्या सीझनला कासा, उधवा, सगळीकडच्या हळदीत ऐकलं होतं. म्हटलं, "अरे, हे तू केलंस?"

"मीच केलंय ताई. पण आता माझं नाही."

त्यानं फोनमध्ये एका कागदाचा फोटो दाखवला. एका चॅनेलवाल्यानं ३,००० रुपये रोख देऊन त्याची सही घेतली होती. एकच पान. त्यात लिहिलेलं: सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी. ज्या काकांनी तारपा वाजवला, त्यांचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. काकांना पैसेही मिळाले नव्हते, जेवण मिळालं होतं.

त्या पोराला हसू नका. वडिलांच्या वेळी आमचं कॅसेटचं दुकान होतं. मी बीबीए करत होते तेव्हा कॅसेट संपल्या होत्या आणि मेमरी कार्ड आली होती. संध्याकाळी काउंटरवर बसून मी कार्ड भरून द्यायची, वीस रुपयांत चार जीबी. हजारो गाणी भरली असतील. त्यातला एक रुपया कुठल्या गायकाला किंवा वादकाला गेला नाही, आणि तसा विचारही कधी मनात आला नाही. तेव्हा आजचा धडा थोडा माझ्यासाठीही आहे.

लेबल म्हणजे काय?

जुन्या रेकॉर्डच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असायचा. त्यावर कंपनीचं नाव, गाण्याचं नाव आणि एक नंबर. तो कागद म्हणजे लेबल, आणि त्यावरून कंपनीलाच लेबल म्हणायला लागले. आज रेकॉर्ड नसली तरी काम तेच आहे. कुठलं संगीत काढायचं ते निवडायचं, ते काढायला लागणारा पैसा घालायचा, योग्य लोकांच्या कानापर्यंत पोचवायचं, आलेला पैसा वाटायचा आणि या सगळ्याची नोंद ठेवायची.

अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं काहीतरी बेकायदेशीर. तसं काही नाही. सिनेमा, रेडिओ, मोठी कंपनी या वाटेनं न जाता डीजेच्या हातातून पसरणारं, मशीनवर बनलेलं नाचाचं संगीत, एवढाच अर्थ. टेक्नो, हाऊस, ट्रान्स ही त्यातली नावं. आपल्या पट्ट्यातल्या हळदीत वाजणारं तारप्याचं डीजे संगीत मला तरी याच घरातलं वाटतं. घरात बनतं, पेनड्राईव्हवरून पसरतं, आणि बनवणाऱ्याचं नाव नाचणाऱ्याला माहीत नसतं.

मुंबईतली एक रेकॉर्ड

आता आपल्या जवळचंच उदाहरण बघा. चरणजीत सिंग हे मुंबईतले हिंदी सिनेमाचे वादक. मोठमोठ्या संगीतकारांकडे वाजवायचे, लग्नसमारंभात स्वतःचा ऑर्केस्ट्राही करायचे. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली. टीआर-८०८ हे तालाचं मशीन, टीबी-३०३ हे बेसचं, आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. या तिघांवर त्यांनी दहा राग वाजवले. भैरवी, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली, नाव 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती चालली नाही. माल दुकानात आला, पडून राहिला, विषय संपला.

पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या फ्यूचर नावाच्या ग्रुपनं त्याच टीबी-३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं. ते ट्रॅक्स या स्वतंत्र लेबलवर आलं आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा अख्खा प्रकार जगभर गाजला. मुंबईची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची होती, हे कोणाच्या गावीही नव्हतं. मग एडो बाऊमन या नेदरलँड्सच्या संग्राहकाला तिची जुनी प्रत भारतात सापडली. त्यानं मुंबईत येऊन चरणजीत सिंगांना गाठलं आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या लेबलवर ती पुन्हा काढली. तेव्हा कुठे जगाचे कान उभे राहिले. सत्तरी गाठलेले चरणजीत सिंग युरोपात कार्यक्रम करायला लागले. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. त्यांचं म्हणणं कायम साधं होतं, की मी राग वाजवले, तुमचं अ‍ॅसिड हाऊस मला माहीत नव्हतं.

दुकानदार म्हणून मी याच्याकडे अशी बघते. मोठ्या कंपनीचं रॅक मोठं, पण संयम छोटा. पहिल्या सीझनला जे हललं नाही ते मागे जातं, आणि मागे गेलेलं कोणी पुढे आणत नाही. छोट्या लेबलला लाखभर गिऱ्हाईक नको असतं. जगभरात विखुरलेले पाचशे वेडे पुरतात, फक्त ते कुठे बसतात हे माहीत पाहिजे. बाऊमनला ते माहीत होतं. एचएमव्हीकडे माल होता, पण तो मागणारं गिऱ्हाईक त्यांच्या काउंटरवर कधी आलंच नाही.

एक हिशेब लक्षात घ्या. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत कोणाची तरी मालमत्ता आहे. तलासरीच्या पोरानं ३,००० रुपयांत काय विकलं, ते या आकड्यावरून मोजा.

गोव्याचंही असंच झालं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्र-रात्र पार्ट्या चालायच्या, डीजे डॅट टेपवर गाणी वाजवायचे, तिथून 'गोवा ट्रान्स' हे नाव जगात गेलं. पण १९९३-९४ च्या सुमारास ते संगीत बाजारात आणणारी ड्रॅगनफ्लाय, टिप अशी लेबलं उभी राहिली ती लंडनमध्ये. नाच आपल्या किनाऱ्यावर आणि खातं त्यांच्या बँकेत. त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. वही ज्यानं उघडली, जमा त्याच्याकडे झाली.

दुकानातून निघालेलं लेबल

माझं आवडतं उदाहरण मात्र वॉर्पचं आहे, कारण ते दुकानातून निघालं. इंग्लंडमधलं शेफील्ड हे पोलादाचं शहर. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारे स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल, आणि त्यांच्या जोडीला रॉबर्ट गॉर्डन हा रेकॉर्डिंगमधला माणूस. १९८९ साली तिघांनी पहिली रेकॉर्ड काढली. भांडवल कुठलं? बेरोजगारांनी धंदा सुरू करावा म्हणून तिथल्या सरकारची एक योजना होती, तिचे पैसे. पहिल्या फेरीत ५०० प्रती काढल्या आणि उसन्या गाडीत घालून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या एलएफओ या ग्रुपचं गाणं ब्रिटनच्या यादीत बाराव्या नंबरपर्यंत गेलं.

नावाची गंमत सांगते. आधी नाव 'वॉर्प्ड' ठेवलं होतं. फोनवर ऑर्डर देताना समोरच्याला ते नीट ऐकू यायचं नाही, म्हणून 'वॉर्प' केलं. नाव ठरवताना एवढी एकच परीक्षा घ्या: सूर्यानगरीच्या डब्यात उभं राहून फोनवर सांगितलं तर समोरच्याला कळतं का?

या लोकांकडे पैसा नव्हता, पण काउंटर होतं. शनिवारी कुठला डीजे काय मागतो, कुठली रेकॉर्ड ऐकून तोंड वाकडं करतो, हे ते रोज बघत होते. तुमच्यापैकी जे साउंडचं सामान भाड्याने देतात, मंडप-डेकोरेशन करतात, मोबाईलचं दुकान चालवतात, त्यांच्याकडे हे ज्ञान आहे. त्याला भांडवल म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढंच.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते. मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स. मालक दिलदार होते. त्यांचं धोरणच असं की संगीत कलाकारांचं, कंपनीचं काही नाही. ऐकायला छान. १९९२ मध्ये कंपनी कर्जात बुडाली, एक मोठी कंपनी विकत घ्यायला आली, कागद उघडले, तर विकायला हातात काहीच नव्हतं. न्यू ऑर्डरसारख्या ग्रुपची गाणी त्या ग्रुपचीच होती. कलाकार वाचले, चांगलं झालं. पण लेबल चालवणाऱ्यानंही स्वतःसाठी काहीतरी लिहून घ्यायला हवं, काही वर्षांपुरतं का होईना. कलाकाराला लुटणारा कागद नको, तसा लेबलला उपाशी ठेवणाराही नको.

एका गाण्यात किती मालक असतात

हा भाग दोनदा वाचा. सगळी भांडणं इथूनच निघतात.

त्या पोराच्या गाण्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, चाल आणि रचना. तारप्याची जी चाल पिढ्यानपिढ्या वाजते तिच्यावर कोणा एकाचा कॉपीराइट नाही. पण त्यानं वर जे नवीन बांधलं, बेसची ओळ, मधला तुकडा, ते त्याचं. दुसरी, रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. कायद्यानुसार ज्यानं पुढाकार घेतला आणि रेकॉर्डिंग करायची जबाबदारी उचलली, तो त्याचा पहिला मालक. पोरानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर केलं, म्हणजे मालक तोच होता. चॅनेलवाला नंतर आला. तिसरी गोष्ट, काकांचं वादन. वाजवणाऱ्याचाही त्याच्या वादनावर हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, वादन रेकॉर्ड करू दिलं असलं तरी त्याच्या व्यापारी वापरातून रॉयल्टी मागायचा हक्क त्याच्याकडे राहतो. जेवण घातलं म्हणून तो संपत नाही.

आता कागद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, ते प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनं द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. कुठलं गाणं, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे लिहावं लागतं. वर्षं लिहिली नसतील तर ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्यानं वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, कागदात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणून तर लबाड माणूस 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' हे दोन शब्द आठवणीनं घालतो.

पण तरीही एक दार उघडं राहतं. त्याच २०१२ च्या दुरुस्तीमुळे सिनेमाबाहेरच्या गाण्याचा संगीतकार आणि गीतकार आपला रॉयल्टीचा समान वाटा लिहून देऊच शकत नाही. सही केली तरी तो वाटा जात नाही. तो वाटा गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. मी त्या पोराला पहिलं काम हे सांगितलं: सभासद हो आणि तुझी रचना नोंदव. मास्टर गेलं, रचनेच्या रॉयल्टीतला वाटा अजून तुझा आहे.

दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेऊन केलेलं रिमिक्स लेबलवर काढता येत नाही. हे ऐकून अनेकांची तोंडं पडतात, कारण आपल्याकडे निम्मा माल सिनेमाच्या गाण्यांवर बांधलेला असतो. हळदीत वाजवा, मजा करा. पण लेबलच्या वहीत फक्त तेच येईल ज्यातला प्रत्येक आवाज तुमचा आहे किंवा ज्याची परवानगी तुमच्याकडे आहे. इंटरनेटवरून उतरवलेला ढोलाचा तुकडाही यात आला.

हळदीत वाजलं, पैसे कुठे?

हा प्रश्न त्या पोरानंही विचारला. गाणं शंभर मांडवांत वाजलं, मग काहीच कसं नाही? उत्तर कायद्यातच आहे. लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणं वाजवायला कॉपीराइटमधून सूट आहे. म्हणजे आपली सगळ्यात मोठी बाजारपेठ रॉयल्टी देत नाही. यावर रडू नका, हिशेब बदला. मांडव म्हणजे जाहिरात धरा, कमाई दुसरीकडे शोधा.

अंडरग्राउंड लेबलांनी हे फार आधी ओळखलं होतं. गाणं बाजारात येण्याआधी ते कोरा कागद चिकटवलेल्या थोड्या रेकॉर्ड निवडक डीजेंना द्यायचे. डीजेनं वाजवलं, लोकांनी विचारलं हे कुठलं गाणं, आणि दुकानात मागणी तयार. आपण हेच पेनड्राईव्हवर करायचं. चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा आणि त्यापुढची लग्नसराई धरून, महिनाभर आधी डहाणू, तलासरी, उंबरगाव आणि सिल्वासाकडच्या निवडक डीजेंना चांगल्या दर्जाची फाईल द्या. राज्याची हद्द गाण्याला लागत नाही. फाईलच्या नावात कलाकार, वादक आणि लेबल लिहा. आपल्याकडे डीजे गाण्यात स्वतःचं नाव ओरडून घालतात, मग बनवणाऱ्याचं नाव निदान फाईलवर तरी असू द्या.

कमाईच्या जागा तीन. स्ट्रीमिंग, जिथे डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं चढवायचं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा नंबर मिळतो, तो वहीत उतरवा, पैसा त्या नंबरावर येतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याची रॉयल्टी सुरू होत नाही, हे धरून चला. दुसरी जागा थेट विक्री. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी २०० रुपयांची फाईल विकली तर १५ टक्के म्हणजे ३० रुपये त्यांचे, वर पेमेंटचा थोडा खर्च. परदेशातले ते पाचशे वेडे इथेच भेटतात. तिसरी, परवाना: लघुपट, जाहिरात, नाचाचा कार्यक्रम. आकडा क्वचित येतो, पण आला की भरीव येतो.

आता वही उघडा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका गाण्यावर मिक्सिंग-मास्टरिंग ४,०००, कव्हर १,५००, वादकाचं मानधन आणि प्रवास २,०००, डिस्ट्रिब्युटरच्या फीतला वाटा ५००, डीजेंसाठी पेनड्राईव्ह आणि फिरणं २,०००. एकूण १०,०००. वर्षात आले २६,०००. आधी खर्च वजा, राहिले १६,०००. निम्मे लेबलचे, निम्मे कलाकारांचे, म्हणजे ८,००० आणि ८,०००. कलाकारांच्या ८,००० मधले ४,००० गाणं बांधणाऱ्याला, २,४०० तारपावाल्याला, १,६०० गाणारीला, असं त्यांनी आपसात आधीच ठरवून लिहिलेलं असावं. गाणं हिट झाल्यावर वाटणी ठरवायला बसलात तर बसलेलेच राहाल.

आणि वर्षात फक्त ६,०००च आले तर? लेबलचे ४,००० अजून यायचे आहेत, कलाकाराला शून्य, पण त्याच्या डोक्यावर कर्ज नाही. हा तोटा त्याच गाण्याच्या पानावर ठेवायचा. दुसऱ्या गाण्याच्या कमाईतून गुपचूप वळता करायचा नाही. खर्चाची कमाल मर्यादाही करारात लिहा, नाहीतर लेबलवाल्याचा प्रत्येक चहा गाण्याच्या खात्यावर पडतो. मी स्वतः मास्टर कायमचं घेण्याऐवजी ५ वर्षांचा परवाना घ्या असं सांगते. पटलं तर वाढवा. हिशेब दर सहा महिन्यांनी द्या, शून्य असला तरी द्या. जीएसटी आणि टीडीएसचं तुमच्या सीएला विचारा. तिथे माझं ऐकून चालू नका.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला जीआय मानांकन आहे. तरी आज उशीवर, कपावर, मॉलच्या भिंतीवर वारली दिसते आणि काढणाऱ्याचं नाव दिसत नाही. चित्राचं जे झालं ते डोळ्यांदेखत झालं. गाण्याच्या बाबतीत अजून वेळ आहे असं मला वाटतं, फार नाही.

त्या पोराचं दुसरं गाणं तयार आहे. या वेळी काका त्याच्याबरोबर दुकानात आले. दीड पानाचा करार आम्ही मोठ्यानं वाचला. काकांनी एकच वाक्य दोनदा वाचायला लावलं, त्यांच्या वाट्याचं. मग विचारलं, "तारपा पण माझाच आहे, मीच केलाय भोपळ्याचा. त्याचं काही लिहिलंय का?" नव्हतं लिहिलं. आम्ही कव्हरवर 'तारपा निर्मिती आणि वादन' अशी ओळ वाढवली. वहीत नंबर टाकला: ००१.

पुढच्या भागात तोच करार ओळीनं भरून दाखवते, दोघांची नावं झाकून. तुमच्याकडे सही केलेला एखादा कागद असेल तर शोधून ठेवा, आणि त्यात वर्षं आणि प्रदेश लिहिलाय का ते आधी बघा. रविवारी सकाळी दहा ते बारा दुकान उघडं असतं. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा.